सोन्याचं हरीण

पंचवटीत लहानपण गेलेल्या माणसाला रामायण फुकट मिळतं. शाळेच्या वाटेवर काळाराम मंदिर, क्लासच्या वाटेवर सीतागुंफा, आणि रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूंना रस्ता सांगता सांगता मारीच, शूर्पणखा, जटायू ही मंडळी चार घरं सोडून राहत असल्यासारखी ओळखीची होतात. त्यामुळे एकदा दिसलेल्या सुंदर प्राण्यामागे हातातली कामं टाकून धावणं हा आमच्या भागातला जुनाच आजार आहे, असं म्हणायला हरकत नाही. माझ्या बाबतीत हरणाऐवजी हंस होता आणि धनुष्याऐवजी सेकंडहँड कॅमेरा, एवढाच काय तो फरक.

तर झालं असं. गोष्ट जानेवारी २०२३ ची. मी पुण्यात हिंजवडीला नोकरीला, आणि वीकेंडला जमेल तेव्हा घरी. त्या रविवारी पहाटे साडेचारला बाइक काढली तेव्हा आजी जागीच होती. "लग्नाचं वय झालं आणि हा बगळे बघायला चाललाय," असा आशीर्वाद घेऊन निघालो. निफाड तालुक्यातल्या थंडीबद्दल मी वेगळं सांगायला नको, दर हिवाळ्यात तिथला पारा पेपरात येतो. चांदोरीपर्यंत हाताची बोटं गेली, सायखेड्यापर्यंत नाक. चापडगावच्या मनोऱ्याजवळ पोचलो तेव्हा पाणी दिसतच नव्हतं, नुसतं धुकं. धुक्यातून फक्त आवाज येत होते. वारकरी बदकांची कुरकुर, क्रौंचांची लांबून येणारी तुतारी.

(पंचवटीतून निघताना कुणाला "नांदूरला चाललोय" म्हणू नका. आमच्याकडे नांदूर नाका पण आहे, आणि लोक तिथला ट्रॅफिक सांगायला लागतात.)

सातच्या सुमाराला धुकं जरा विरळ झालं. पलीकडच्या गाळाच्या बेटावर पट्टकादंबांचा थवा बसला होता. हा हंसांचा एक प्रकार, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारा. थव्याच्या कडेला एक हंस मला वेगळा वाटला. करडा, डोक्यावर पट्टे नाहीत, अंगाने थोराड. कलहंस! महाराष्ट्रात क्वचित येणारा पाहुणा. मी धडाधड बटण दाबत सुटलो. दोन मिनिटांत पुन्हा धुकं दाटलं, थवा उडाला, आणि माझ्याकडे चाळीसेक फोटो उरले.

घरी येऊन बघतो तर चाळीसही फोटो म्हणजे राखाडी भिंतीवर राखाडी डाग. हंस आहे हे कळत होतं. कोणता, ते नाही. पट्टे नसतील, किंवा धुक्यात दिसत नसतील, काहीही असू शकेल.

आता खरी गोष्ट. त्याच कार्डावर डिसेंबरमधल्या राजस्थान ट्रिपचे फोटो होते. आम्ही मित्र भरतपूरला जाऊन आलो होतो, आणि तिथे कलहंस भरपूर असतात. नांदूर मध्यमेश्वरला सगळे "महाराष्ट्राचं भरतपूर" म्हणतात. ही उपाधी सलीम अलींनी दिली असं नाशिकचा प्रत्येक पक्षीप्रेमी अभिमानाने सांगतो. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर होतं "भरतपूर" आणि दुसरं "भरतपूर महाराष्ट्र". त्यातून कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळाचा सेल गेलेला, म्हणजे बॅटरी काढली की तारीख मूळपदावर. दोन्ही फोल्डरमधले फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसायचे. रात्री अकराला, उद्याच्या बसची बॅग भरता भरता, मला या ढिगात एक स्वच्छ, सुंदर, धुक्याच्या पार्श्वभूमीवरचा कलहंस सापडला. मी स्वतःला सांगितलं, अरे, हा एक बरा आलाय की! आणि नाशिकच्या ओळखीच्या चार-पाच पक्षीमित्रांना पाठवून दिला. खाली लिहिलं: कलहंस, चापडगाव, सकाळी सात.

ती चूक होती का? सोमवारपर्यंत मी स्वतःला "चूक" असंच सांगत होतो. पण फाइलला नंबर असतो. तो घड्याळावर चालत नाही, क्रमाने वाढतो. या फाइलच्या आधीचा फोटो भरतपूरच्या सायकलरिक्षावाल्याचा होता. मी दिवसभर लॉग फाइली वाचून पोट भरणारा माणूस. तो नंबर मला रात्री अकरालाही दिसत होता. मी फक्त त्याच्याकडे बघितलं नाही.

सगळ्यांची शाबासकी आली. फक्त एका काकांनी, जे माझ्या जन्माच्या आधीपासून नांदूरला जातायत, प्रश्न विचारले. "कोणत्या थव्याबरोबर होता? उडताना बघितलास का? ओरडला का? चोच गुलाबी होती की नारिंगी? शेजारी पट्टकादंब होता का, म्हणजे आकार ताडता येईल?" यातल्या एकाचंही उत्तर मला देता येईना. फोटोतली चोच गुलाबी होती. पण मी चापडगावला चोच बघितलीच नव्हती.

आठवडाभर मी उत्तर दिलं नाही. त्या आठवड्यात, बहुधा स्वतःला बरं वाटावं म्हणून, मी "असं आणखी कुणी केलंय का" हे शोधायला लागलो. आणि सापडला तो थेट आमच्या शेजारच्या खानदेशातला किस्सा. मी ज्याला आपला छोटा गुन्हा समजत होतो, त्याचा महामेरू!

थोडं मागे जाऊ. आज पक्ष्याची नोंद म्हणजे फोटो. दीडशे वर्षांपूर्वी नोंद म्हणजे बंदूक. पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: जागा, तारीख, नर की मादी, कुणी मारला. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना शाळेत पाठ केलं ते ए. ओ. ह्यूम हे या उद्योगाचे शिमल्यातले सम्राट. हाताखालच्या अधिकाऱ्यांचं, इंजिनिअरांचं, रेल्वेवाल्यांचं देशभर जाळं, आणि सगळ्यांच्या नोंदी छापायला स्वतःचं नियतकालिक, 'स्ट्रे फेदर्स'. त्यांच्या पुस्तकाच्या हस्तलिखितांचा गठ्ठा नोकराने रद्दीत विकला, तेव्हा वैतागून त्यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि १८८५ मध्ये ऐंशी हजारांच्या आसपास नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. काँग्रेसही त्याच वर्षीची. बॅकअप नसल्यामुळे करिअर बदललेला हा बहुधा पहिला माणूस.

याच ह्यूम साहेबांनी १८७३ मध्ये एका छोट्या घुबडाला नाव दिलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. पहिला नमुना आजच्या छत्तीसगडमधला. पुढे १८८० च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी होता. दिवसा महसूल, उरलेल्या वेळात पक्षी. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी त्याने १८८२ मध्ये ह्यूमच्या नियतकालिकात छापली. त्याने शहादा-तळोदा भागात रानपिंगळे मारले, चिठ्ठ्या बांधल्या, विलायतेला पाठवले. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने होते. १८८४ नंतर रानपिंगळा गायब.

गायब, पण एक अपवाद. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, हेरखात्यातलं काम, नामांकित पक्षीतज्ज्ञ. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलेलं: ऑक्टोबर १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात. म्हणजे १८८४ नंतर तीस वर्षांनी पक्षी जिवंत होता, आणि तोही गुजरातेत! साहजिकच शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून शोधत राहिले. हाती काही लागलं नाही. लोक म्हणायला लागले, संपला रानपिंगळा.

या माणसाचा प्रभाव किती होता बघा. त्याने आपले सुमारे वीस हजार नमुने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिले, आणि म्युझियमने ते घेतलेही. खरं तर त्याच म्युझियमने पूर्वी एकदा, नमुने परस्पर उचलल्यावरून, त्याला पक्षीविभागात यायला काही काळ बंदी घातली होती. आपले सलीम अली १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी गोळा करायला गेले होते. प्रवासात या साहेबाने आपल्या रोजनिशीत सलीम अलींबद्दल बरंच खवचट लिहून ठेवलं. सलीम अलींनी काय करावं? पुढे आत्मचरित्रात ते स्वतःच छापून टाकलं. मला हा प्रसंग फार आवडतो. गंमत म्हणजे अफगाणिस्तानातल्याच एका चिमणीएवढ्या पक्ष्याला माइनर्ट्झहागनने १९३७ मध्येच शास्त्रीय नाव दिलं, आणि तो पक्षी शंभर टक्के अस्सल निघाला. म्हणजे माणसाला खरं काम येत नव्हतं असं नाही. येत होतं. मग कशाला केलं?

१९९३ मध्ये अॅलन नॉक्स या संशोधकाने त्याच्या काही नमुन्यांतली लबाडी उघड केली. मग पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्याबरोबर रानपिंगळ्याचा नमुना तपासायला घेतला. दरोड्याचा तपास करावा तसा. प्रत्येक माणसाची पक्षी सोलायची, भरायची, शिवायची एक सवय असते, हस्ताक्षरासारखी. डेव्हिडसनची सवय ओळखता येण्यासारखी होती. एक्स-रे काढला तर १९१४ च्या त्या गुजराती रानपिंगळ्याच्या अंगात जुन्या हाताची कारागिरी, आणि वरून कुणीतरी उसवून पुन्हा भरलेलं. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मारलेला पक्षी माइनर्ट्झहागनने म्युझियममधून लांबवला, थोडा उसवला, पुन्हा भरला, आणि नवी चिठ्ठी बांधली. पक्षी खरा, चिठ्ठी खोटी. हा निबंध १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात छापून आला.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि माझ्या कानात सायकलरिक्षाची घंटी वाजत होती.

पण खरी मजा पुढे आहे. रासमुसेन यांनी उलटा विचार केला. गुजरातची चिठ्ठी खोटी, तर ती सोडून द्यायची. बाकीच्या चिठ्ठ्या खऱ्या, तर तिथे जायचं. १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, काहीच नाही. मग डेव्हिडसनचा शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, उजाड झाडाच्या फांदीवर, उन्हात बसलेला रानपिंगळा! तब्बल ११३ वर्षांनी. आणि यावेळी कुणी बंदूक काढली नाही. त्यांनी व्हिडिओ घेतला, फोटो घेतले, आणि पक्षी आपल्या कामाला निघून गेला.

मला यात थरारक वाटतं ते हे, की त्यांना रस्ता दाखवला तो एका महसूल अधिकाऱ्याने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नीट लिहिलेल्या चिठ्ठीने. खानदेशच्या उन्हात बसून त्याने आळस केला असता, "तळोदा की शहादा, काय फरक पडतो" असं म्हटलं असतं, तर? आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा करप्ट असेल तर शंभर वर्षांनी कुणाची तरी क्वेरी चुकते, आणि चुकलेल्याला कळतही नाही की बग कुठे आहे. रासमुसेन यांनी पुढे २००५ मध्ये दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचा जो मोठा ग्रंथ केला, त्यात माइनर्ट्झहागनच्या नोंदी धरल्याच नाहीत. खऱ्या असलेल्याही गेल्या. एका माणसाच्या शब्दावरून विश्वास उडाला की त्याचं खरंही कचऱ्यात जातं.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे जो प्रवास झाला, तोही एका रात्रीत नाही. ई. एच. एन. लोदर हे रेल्वेतले गृहस्थ वर्षानुवर्षं घरट्यांशेजारी आडोसे उभारून फोटो काढत होते, त्यांचं पुस्तक १९४९ मध्ये आलं. सिंगापूरचे चित्रपटगृहांचे मालक लोक वान थो यांनी सलीम अलींबरोबर भारतभर हिंडून अप्रतिम फोटो काढले. ते १९६४ मध्ये तैवानात विमान अपघातात गेले. सलीम अलींची स्वतःची सुरुवातही बंदुकीनेच झाली होती. १९०८ मध्ये छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तिथून पुढचा सगळा इतिहास. पुढे याच सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली, कड्यावर नंबर आणि मुंबईला कळवा अशी सूचना. म्हणजे चिठ्ठी थेट जिवंत पक्ष्याच्याच पायात! या चिठ्ठीत कुणाला खोटं लिहिता येत नाही, हा तिचा मोठा गुण.

नांदूर मध्यमेश्वरचं तरी काय, तिथला पाहुणचार हाही एक अपघातच. इथे काही आदिम सरोवर वगैरे नव्हतं. १९०७ नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांनी गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी दगडी बंधारा घातला. त्याआधीच्या दुष्काळांनी सरकारचे डोळे उघडले होते, आणि इथून डावा-उजवा कालवा काढून खाली कोपरगाव-राहात्याकडे पाणी न्यायचं होतं. वर दारणा धरण त्याच काळातलं. पक्षी कुणाच्याच नकाशात नव्हते. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. इंजिनिअरच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटा, कारण साठा कमी होतो. पण त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती माजल्या, आणि उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना, हंसांना, क्रौंचांना घाटाच्या पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात आयतं हॉटेल मिळालं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव आलं. रामसरच्या पानावर इथे ५३६ जातींच्या सजीवांची नोंद आहे. अशी एकेक नोंद कुणीतरी धुक्यात उभं राहून केली असणार. आणि त्यात मी एक भरतपूरचा हंस सोडायला निघालो होतो.

शेवटी आठव्या दिवशी मी सगळ्यांना लिहिलं. फोटो भरतपूरचा आहे, डिसेंबरचा आहे, माझ्या लक्षात आलं होतं आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं. शेवटचं वाक्य चार वेळा खोडलं, पाचव्यांदा ठेवलं. दोघांनी काहीच उत्तर दिलं नाही, आणि त्यातल्या एकाने आजपर्यंत दिलेलं नाही. एकाने हसून सोडून दिलं, ते जास्त लागलं. काकांचं उत्तर एका ओळीचं आलं: "रविवारी साडेपाचला चांदोरीला भेट. कॅमेरा आणलास तरी चालेल, वही आणायलाच हवी."

गेलो. बोलणं होईल, रागावतील, असं वाटलं होतं. त्यांनी थर्मासातला चहा दिला आणि विषयच काढला नाही. मनोऱ्यावर दोन तास उभे होतो. थापट्या बदकं किती, तलवार बदकं किती, क्रौंच कोणत्या शेतातून उडाले, वारा कुठला, सगळं त्यांनी लिहून घेतलं, मला लिहायला लावलं. ओळख पटली नाही तिथे ते सरळ प्रश्नचिन्ह काढायचे. त्यांच्या जुन्या वह्यांत अशी प्रश्नचिन्हं ढिगाने आहेत. "काका, इतक्या वर्षांनी पण?" मी विचारलं. "तुम्ही तर लांबून उडण्यावरून ओळखता." ते म्हणाले, "ओळखतो, म्हणून तर कुठे ओळखता येत नाही ते कळतं."

परत येताना नदीकडेला मृगव्याधेश्वराच्या देवळापाशी थांबलो. गावातली कथा अशी, की पंचवटीत दिसलेल्या सोन्याच्या हरणाला रामाने बाण मारला तो इथे. म्हणजे आमच्या घरापासून इथपर्यंत राम त्या हरणामागे आला, आणि मी पण साधारण त्याच रस्त्याने येतो, फक्त बाइकवर. काकांना सांगितलं तर पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "त्याची पण वही नव्हती बरोबर."

घरी आलो तर आजी विचारते, "दिसला का तुझा हंस?"

पलीकडच्या बेटावर, पट्टकादंबांच्या कडेला, धुक्यात, एक करडा दिसला होता खरा. त्या दिवशीच्या पानावर तो असा आहे: सात वाजून दहा मिनिटं, चापडगाव मनोरा, हंस एक, डोकं दिसलं नाही, चोच दिसली नाही, पुढे प्रश्नचिन्ह. फोटोही आहे. राखाडी भिंतीवर राखाडी डाग. घड्याळाचा सेल मात्र आता नवीन टाकलाय.